हाल घाटकोपर

पाचवीत असताना मी शाळेतून आले की दप्तर टाकून शेजारच्या बांकडे जायचे. राजावाडीतली आमची तीन मजली इमारत, एका जिन्यावर चार बिऱ्हाडे, दोन मराठी आणि दोन गुजराती. बांचे डोळे मोतीबिंदूने अधू झाले होते. मुलगा सकाळी मस्जिद बंदरला पेढीवर जायचा तो रात्रीच परतायचा, सुनेला स्वयंपाकघरातून उसंत नसायची. पेपर मात्र रोज यायचा आणि दुपारपर्यंत घडी न मोडता बांच्या उशाशी पडून असायचा. तो वाचून दाखवणे हे माझे काम. मला गुजराती बोलता येत नव्हते, पण अक्षरे बांनीच शिकवली होती. अर्थ त्यांना कळायचा, आवाज माझा असायचा.

त्यांना अग्रलेख नको असायचा. सोन्याचा भाव नंतर, मुख्यमंत्र्यांचे भाषण त्याच्याही नंतर. आधी ‘मरण नोंध’. मुंगीएवढ्या टाइपात एकाखाली एक छापलेल्या त्या नोंदींचे पान मी उघडायचे आणि जातीच्या मथळ्यांवरून बोट फिरवायचे: कपोळ, हालाई लोहाणा, दशा श्रीमाळी, कच्छी वीसा ओसवाळ. बा ‘थोभ’ म्हणाल्या की थांबायचे. प्रत्येक नोंदीचा साचा ठरलेला. मूळ गाव, मग ‘हाल’ आणि आत्ता राहण्याचे ठिकाण, वय, कोणाची बायको, कोणाची आई, मग ‘पियरपक्षे’ म्हणजे माहेरकडून कोण, प्रार्थनासभा कुठे आणि किती वाजता. शेवटी बहुतेकदा एक ओळ, ‘लौकिक व्यवहार बंध छे’. म्हणजे भेटायला येण्याचे, देण्याघेण्याचे रिवाज आम्ही पाळणार नाही, कृपया घरी येऊ नये.

‘सावरकुंडला, हाल घाटकोपर.’ मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले, या माणसाचे घाटकोपरला फार हाल झाले असावेत. मराठीत हाल म्हणजे हालच. गुजरातीत हाल म्हणजे सध्या. हे मला कळायला काही दिवस लागले, आणि तोवर मी प्रत्येक नोंद वाचताना मनातल्या मनात हळहळत असे. हाल मुलुंड, हाल बोरिवली, हाल अंधेरी. एवढ्या लोकांचे एवढे हाल, आणि आमच्या घरी येणाऱ्या मराठी पेपरात त्याचा एक शब्दही नाही.

या पुस्तकाची सुरुवात तिथे आहे. मुंबईतल्या गुजराती दैनिकांवर, विशेषतः ‘मुंबई समाचार’ आणि ‘जन्मभूमी’ या दोघांवर, एका घाटकोपरकर मराठी बाईने मराठीत पुस्तक का लिहावे, असे मला अनेकांनी विचारले. माझे उत्तर सरळ आहे. भिंतीला भिंत लावून आपण तीन-चार पिढ्या राहिलो, एकमेकांच्या घरचे ढोकळे आणि पुरणपोळ्या खाल्ल्या, पण पलीकडच्या घरात रोज सकाळी काय वाचले जाते हे आपण कधी पाहिले नाही. ‘गुजराती पेपरवाले’ असे म्हणून आपण त्यांना एका पिशवीत घातले आणि पिशवीचे तोंड बांधून टाकले. ती पिशवी उघडून पाहावी एवढाच हेतू आहे.

उघडल्यावर पहिल्यांदा दिसते ते वय. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ला निघाले आणि त्या दिवसाचा आपण पत्रकार दिन करतो. फर्दुनजी मर्झबान यांचे ‘मुंबईना समाचार’ त्याच्या साडेनऊ वर्षे आधी, १ जुलै १८२२ला निघाले. आधी साप्ताहिक, १८३२पासून आठवड्यातून दोनदा, १८५५पासून दैनिक. आजही ते निघते. अखंड चालू असलेले आशियातले सर्वांत जुने वृत्तपत्र म्हणून त्याची नोंद होते. २०२२च्या जूनमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात त्याच्या द्विशताब्दीचा सोहळा झाला, पंतप्रधान आले, टपाल तिकीट निघाले. घाटकोपरहून ते ठिकाण फार लांब नाही. माझ्या ओळखीच्या मराठी पत्रकारांपैकी तिथे कोणी गेल्याचे मला आठवत नाही.

मर्झबान सुरतेचे पारशी. मुंबईत येऊन ते मुल्ला फिरोज या विद्वान धर्मगुरूंकडे शिकले, पुस्तकबांधणीचा धंदा केला आणि १८१२मध्ये स्वतःचा छापखाना काढला. १८१४मध्ये त्यांनी गुजराती पंचांग छापले. या माणसाने लिपीचे जे केले त्याकडे मराठी वाचकाने नीट लक्ष द्यावे. त्या काळापर्यंत गुजरातेत पोथ्या देवनागरीत लिहिल्या जात आणि आज आपण जिला गुजराती लिपी म्हणतो ती होती हिशेबाची, हुंडीची, व्यापाऱ्यांच्या पत्रांची. वाणियाशाई असेच तिचे एक नाव. वर रेघ ओढायला वेळ नाही म्हणून शिरोरेषा गेलेली, हात न उचलता लिहायची घाईची लिपी. आपल्याकडेही नेमकी अशीच जोडी होती. पोथीला बाळबोध, दप्तराला मोडी. छापखाना आला तेव्हा मराठीने पोथीची लिपी उचलली आणि मोडी हळूहळू रुमालांत बांधली गेली. आज ती वाचणारा माणूस शोधावा लागतो. गुजरातीने उलटे केले. पेढीवरची लिपी खिळ्यांत ओतली आणि तीच साहित्याची झाली. म्हणूनच गुजराती वर्तमानपत्राच्या अंगाला सुरुवातीपासून पेढीचा वास आहे, आणि तो मला अजिबात कमीपणाचा वाटत नाही. पहिल्या अंकांत काय होते? मालमत्तेची विक्री, नेमणुका, जहाजांची ये-जा, व्यापाराच्या बातम्या. बंदरावर जगणाऱ्या शहराला जे कळायला हवे ते. आपल्या पहिल्या संपादकांनी वाचकाला शहाणे करायला पत्र काढले. मर्झबान यांनी वाचकाला ज्याची गरज होती ते दिले, आणि तेही पुढे वादात सापडलेच.

तो वाद पंचांगाचा. हिंदुस्थानातले पारशी आणि इराणातले जरथुष्ट्री यांच्या कालगणनेत एका महिन्याचा फरक पडला होता. इराणी गणना मानणारे कदमी, जुनी चालवणारे शहेनशाही. एखादा अधिक महिना, ज्याला ते कबीसा म्हणत, पूर्वी कधी धरला गेला होता की नाही यावर मुंबईच्या पारशी समाजात अशी फूट पडली की घराघरांत अबोले धरले गेले. मर्झबान यांचे गुरू मुल्ला फिरोज कदमी पक्षाचे म्होरके. बाहेरच्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. पण नवरोज कधी, मेलेल्या बापाची तिथी कधी, प्रार्थनेत महिन्याचे नाव कोणते घ्यायचे, हे ज्याच्या घरात रोज ठरवायचे असते त्याला तो क्षुल्लक नसतो. आपल्याकडे टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या फरकाने ज्या घरांत दिवाळी मागेपुढे झाली त्यांना विचारा. मर्झबान यांना १८३२मध्ये मुंबई सोडून पोर्तुगीजांच्या दमणला जावे लागले. ते परत इथे स्थिरावले नाहीत, १८४७मध्ये तिथेच वारले. त्याच १८३२मध्ये ‘जामे जमशेद’ हे दुसरे पारशी-गुजराती पत्र मुंबईत निघाले.

मला या प्रकरणात जे दिसते ते या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे. समाजाचे वर्तमानपत्र सरकारशी भांडते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, कारण वर्गणीदार त्याच्या पाठीशी असतात. त्याची खरी कसोटी लागते ती वर्गणीदाराशीच भांडायची वेळ येते तेव्हा. गुजराती पत्रकारितेने मुंबईत ही कसोटी फार लवकर आणि फार कडक दिली.

त्यातली सर्वांत मोठी १८६२ची. करसनदास मुळजी हा कपोळ वाणी तरुण, १८५५पासून ‘सत्यप्रकाश’ चालवत होता. २१ ऑक्टोबर १८६०च्या अंकात त्याने वल्लभ संप्रदायातल्या काही महाराजांच्या, भक्तांच्या बायका-मुलींशी चाललेल्या वर्तनावर लेख लिहिला. हे महाराज म्हणजे त्याच्याच जातीचे, त्याच्याच वाचकांचे गुरू. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी आपल्या माणसांनी महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून बैठक घेतली, त्याचा वेगळा खटला झाला. मुख्य खटला मुंबईच्या सुप्रीम कोर्टात १८६२मध्ये चालला. साक्षीदारांत आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे, तेच. त्यांनी कोर्टात उभे राहून महाराजांना कोणता रोग झाला होता ते सांगितले. एका मराठी डॉक्टरने एका गुजराती संपादकासाठी, त्याच्याच समाजाच्या धर्मगुरूविरुद्ध साक्ष द्यावी, हे मुंबईच्या दोन भाषांच्या इतिहासातले असे पान आहे की ते शाळेच्या पुस्तकात असायला हवे होते. एप्रिल १८६२मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला, खर्चापोटी त्यांना साडेअकरा हजार रुपये मिळाले. घरच्यांनी, जातवाल्यांनी जे मोल वसूल केले त्याचा हिशेब कोणत्याच कोर्टात झाला नाही. १८७१मध्ये, चाळिशीच्या आत, ते गेले.

धैर्याच्या गोष्टी सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवायची नाही. १८५१मध्ये एका गुजराती नियतकालिकात प्रेषितांचे चित्र छापले गेले आणि मुंबईत पारशी-मुस्लिम दंगल पेटली. छापलेल्या एका पानाने शहर जळू शकते हे इथे तेव्हाच कळले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दादाभाई नौरोजींनी ‘रास्त गोफ्तार’ काढले. नावाचा अर्थ ‘खरे बोलणारा’. करसनदास त्यातही लिहीत.

आता विसाव्या शतकात उडी घेते, कारण ‘जन्मभूमी’बद्दल बोलायचे तर थांबून बोलले पाहिजे. १९३४मध्ये अमृतलाल शेठ यांनी ते मुंबईत काढले. काठियावाडच्या संस्थानिकांविरुद्ध तिथे राहून लिहिणे कठीण होते. मुंबईतून लिहिता येत होते, आणि वाचक तर इथे होतेच. भुलेश्वरच्या, काळबादेवीच्या माळ्यांवर राहणारी, पेढ्यांवर हिशेब लिहिणारी काठियावाडी माणसे. झवेरचंद मेघाणी त्यात पुस्तकांवर लिहीत. पुढे कवी हरीन्द्र दवे यांनी त्याचे संपादकपद सांभाळले. आमच्या इमारतीत संध्याकाळचे ‘जन्मभूमी’ रात्री यायचे, बांचा मुलगा ते बगलेत धरून जिना चढायचा.

गुजराती दैनिकाची ताकद किती होती हे पाहायचे तर १९४७चा सप्टेंबर पाहावा. जुनागढच्या नवाबाने पाकिस्तानात जायचे ठरवले. २५ सप्टेंबरला मुंबईत, सी. पी. टँकजवळच्या माधवबागेत सभा भरली आणि तिथे जुनागढचे हंगामी सरकार, ‘आरझी हकूमत’, जाहीर झाले. त्याचे प्रमुख होते शामळदास गांधी, ‘वंदे मातरम्’ या मुंबईच्या गुजराती दैनिकाचे तंत्री. गुजरातीत संपादकाला तंत्री म्हणतात. ज्याच्या हातात तंत्र, तो तंत्री. आदल्या दिवसापर्यंत अग्रलेख लिहिणारा माणूस एका संस्थानाच्या सरकारचा प्रमुख झाला आणि ९ नोव्हेंबरला जुनागढ हिंदुस्थानच्या ताब्यात आले. आपल्याकडे संपादक आमदार झाले, खासदार झाले. मुंबईतल्या सभेतून शेकडो मैलांवरचे राज्य उलथवणारा संपादक मला दुसरा माहीत नाही.

परक्या शहरातून आपल्या दूरच्या मुलखासाठी पत्र चालवणे ही जगात इतरत्रही दिसणारी गोष्ट आहे. अरबी दैनिकांची राजधानी बरीच वर्षे लंडन होती. ‘अश्शर्क अल-अव्सत’ तिथे १९७८मध्ये सुरू झाले, ‘अल-कुद्स अल-अरबी’ १९८९मध्ये. बैरूतचे ‘अल-हयात’ १९४६चे. त्याचे संस्थापक कामिल म्रूवा यांना १९६६मध्ये त्यांच्याच कचेरीत गोळी घालून मारले, आणि १९८८मध्ये ते पत्र लंडनहून पुन्हा उभे राहिले तेव्हा मागे सौदी राजपुत्राचा पैसा होता. या अरबी पत्रांविषयी वाचताना मला सतत प्रश्न पडे: तंत्री कोण हे महत्त्वाचे, की कागदाचे बिल कोण भरतो हे? आपल्या दोन पत्रांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ‘मुंबई समाचार’ १९३३पासून कामा या पारशी कुटुंबाकडे आहे. हे घर कागद-शाईच्या व्यवहारातले. वाचक बहुतांश हिंदू आणि जैन, मालक पारशी, अशी ही मांडणी नव्वद वर्षे टिकली आहे. ‘जन्मभूमी’ सौराष्ट्र ट्रस्टचे. मालक वाचकांच्या जातीचा नसणे ही ‘समाचार’ची ढाल ठरली असे माझे मत आहे, आणि ते मी पुढे एका स्वतंत्र प्रकरणात मांडले आहे.

आता १९५६. हे प्रकरण लिहिताना माझा हात जड झाला. माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत होते. त्यांच्या लेखी मोरारजी देसाई, गुजराती शेठ आणि गुजराती पेपर हे एकच प्रकरण होते, आणि १५ नोव्हेंबर १९५६ला आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला तो या सगळ्यांना उत्तर म्हणून. फ्लोरा फाउंटनला गोळीबारात पडलेल्या माणसांचा हिशेब ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांना मी शांतपणे विचार करा असे सांगणार नाही. मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवावी असा गुजराती भांडवलदारांच्या एका मोठ्या गटाचा प्रयत्न होता, ही गोष्ट खरी आहे आणि ती पुस्तकात ठणकावून सांगितली आहे. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अहमदाबादेत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्यांचीही मागणी द्विभाषिक राज्य मोडा हीच होती, आणि त्यांच्या पुढाऱ्याचे, इंदुलाल याज्ञिकांचे, आयुष्य पत्रकारितेत गेले होते. १९१५मध्ये ‘नवजीवन अने सत्य’ हे मासिक त्यांनी सुरू केले, ते पुढे गांधीजींनी चालवायला घेतले. म्हणजे द्विभाषिकाविरुद्ध लढणारा एक पक्का गुजराती पत्रकार होता, आणि त्या लढ्याला विरोध करणारे मराठी मंत्रीही होते. वडिलांना हे सांगायला ते आज नाहीत. असते तर वाद झाला असता.

१ मे १९६० नंतर काय झाले ते राज्याच्या इतिहासात नाही, लोकलच्या डब्यात आहे. गिरगावातला मराठी माणूस डोंबिवलीला गेला, भुलेश्वरचा गुजराती माणूस घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवलीला. दोघेही जागेच्या भावाने ढकलले गेले. मरणनोंधीतले ‘हाल’ नंतरचे ठिकाण तेव्हापासून बदलत गेले असणार. पंतनगरात मराठी, गारोडियानगरात गुजराती, मध्ये एक रस्ता. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात आणि बोरिवलीच्या प्रबोधनकारमध्ये दोन्ही भाषांची नाटके लागतात, जाहिराती मात्र वेगवेगळ्या पेपरांत येतात. पहाटे पाचला घाटकोपर स्टेशनबाहेर फुटपाथवर पेपरवाले बसलेले असतात तिथेच काय ती दोन्ही भाषा एका ढिगात दिसतात. गठ्ठे सोडायचे, पुरवण्या घालायच्या, मग इमारतीवार लाईन लावायची. पेपरवाल्या पोराला कोणत्या मजल्यावर कोणता पेपर टाकायचा हे तोंडपाठ असते.

आजच्या भांडणांबद्दलही लिहिणे भाग आहे. २०२३मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला मराठी म्हणून जागा नाकारली गेली. २०२५मध्ये मीरा रोडला मराठी बोलत नाही म्हणून एका दुकानदाराला थोबाडीत मारली गेली. पहिल्या घटनेनंतर गुजराती तंत्रीने आपल्या सोसायट्यांच्या चेअरमनना नाव न घेता का होईना चार शब्द ऐकवावेत, ही माझी अपेक्षा होती. दुसऱ्या घटनेनंतर मराठी संपादकाने आपल्या वाचकाला ऐकवावेत, हीसुद्धा. करसनदासांच्या गावात राहून ही अपेक्षा जास्त आहे असे मला वाटत नाही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. पुस्तकाच्या अखेरीस गुजराती अक्षरांचा एक तक्ता दिला आहे, तो आधी उघडा. मराठी वाचकाला निम्म्याहून जास्त अक्षरे आयती येतात, फक्त वरची रेघ पुसायची. अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब ही नव्याने शिकावी लागतात. आणि र. गुजराती र हुबेहूब आपल्या २ सारखा असतो. बांनी मला पहिल्या दिवशी पान दिले तेव्हा मी ‘घाटकोप’पर्यंत नीट आले आणि पुढे ‘दोन’ म्हणाले. बांना पान दिसत नव्हते. त्यांनी माझे बोट धरून ते हवेत फिरवले, वरून खाली, मग उजवीकडे वळवून, आणि म्हणाल्या, ‘र, दीकरा. आपण घाटकोपरमां रहीए छीए ने, एनो र.’